मंद आचेवरचे पुरुष

आमच्या किनवटकडचा पुरुष स्वयंपाकघरात सहसा सापडत नाही. सापडलाच तर पाणी प्यायला आलेला असतो, आणि तांब्या ओट्यावर तसाच ठेवून निघून जातो. मिठाचा डबा कोणता, हे त्याला लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावरही सांगावं लागतं. पण हाच माणूस शेतात, चिंचेखाली, तीन दगडांवर मोठं पातेलं चढलेलं बघतो आणि त्याच्या अंगात बल्लवाचार्य संचारतो. बाह्या वर जातात. "जाळ जास्त झालाय," तो कुणाला उद्देशून नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो. पातेल्यात काय आहे हे त्याला अजून कळलेलं नसतं.

पुरुषाला स्वयंपाकाची स्फूर्ती यायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: उघडं आभाळ, लाकडाचा जाळ, मटण आणि बघणारी माणसं. यातली एक जरी कमी पडली तरी स्फूर्ती आटते. पटत नसेल तर घरातल्या कर्त्या माणसाला वरण-भात लावायला सांगून बघा. त्याचं तहसीलमध्ये काम निघतं. रविवार असला तरी निघतं.

मराठवाड्यात हे सगळं बघायचं असेल तर कंदुरीला जावं. नवस बोललेला असतो, दर्ग्याला बकरं कबूल केलेलं असतं. आमच्याकडं हिंदू घरंही हा नवस पिढ्यान्‌पिढ्या बोलत आणि फेडत आली आहेत. मुलाणी येऊन जातो, मलिद्याचा निवद होतो, आणि मग शेतात पुरुषांचं राज्य सुरू होतं. एकजण जाळ बघतो. दुसरा जाळ बघणाऱ्याकडं बघतो. तिसरा म्हणतो, "लाकडं मागं ओढ." तो ओढतो. चौथा लघवीहून परत येतो आणि म्हणतो, "अरे, इझलं की! पुढं सार." तो सारतो. पाचवा पळी घेऊन रश्शाची चव बघतो, डोळे मिटतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणतो, "मीठ बगा जरा." बघा म्हणजे काय करा, घाला की घालू नका, ते सांगत नाही. तज्ज्ञ माणूस तेवढं मोघम बोलतोच.

तिथून पन्नास पावलांवर दुसरी चूल असते. तिच्यापुढं बायका बसलेल्या असतात आणि शे-दीडशे ज्वारीच्या भाकरी थापत असतात. तिथं कुणी कुणाला सल्ला देत नाही, कारण हात रिकामा नसतो. जेवणं सुरू झाली की सगळी पंगत विचारते, "मटण कोणी केलं हो? एक नंबर!" भाकरी कोणी केल्या हे विचारतात, पण एखादी करपलेली आली तरच.

हा प्रकार नांदेड जिल्ह्यापुरताच आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग भाच्यानं अमेरिकेला बोलावलं.

भाचा टेक्सासात ऑस्टिनला असतो. दहावीपर्यंत किनवटला होता, बारावीला लातूरला. तिथल्या त्याच्या घरामागच्या अंगणात एक काळी, पोट सुटलेली, चार पायांची वस्तू उभी होती. मला आधी ती पाण्याची टाकी वाटली. "मावशी, हा स्मोकर," तो म्हणाला. एवढ्या अभिमानानं त्यानं बायकोचीही ओळख करून दिली नव्हती.

त्या शनिवारी डुकराच्या बरगड्या होत्या. सकाळी मी चहा घ्यायला उठले तर हा आधीच अंगणात. बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. तो काढल्याशिवाय मसाला आत जात नाही आणि तो राहिला तर खाताना दाताखाली रबरासारखा येतो. हा पापुद्रा हातातून निसटतो. म्हणून भाच्यानं चमच्याच्या दांड्यानं एका हाडावरून त्याचं टोक सोडवलं, कागदी रुमालात पकडलं आणि एका दमात टर्रकन ओढून काढलं. मग बरगड्यांना पिवळी मोहरीची पातळ चटणी चोळली, तीही चवीसाठी नाही, मसाला चिकटावा म्हणून. त्यावर ब्राऊन शुगर, पाप्रिका, मीठ, मिरपूड, लसणाची पूड. ज्या पोरानं आयुष्यात कधी लसणाची पाकळी सोलली नाही, तो बोटांनी मसाला थापटत होता आणि पुटपुटत होता, "सगळीकडं सारखा बसला पाहिजे."

मी विचारलं, "किती वेळ लागतो रे?"

"सहा तास. तीन-दोन-एक."

म्हणजे तीन तास नुसत्या धुरावर, दोन तास चांदीच्या कागदात गुंडाळून, शेवटचा एक तास पुन्हा उघड्यावर, वरून गोडसर सॉस लावून. उष्णता २२५ फॅरनहाइट, आपल्या हिशेबानं १०७ अंश सेल्सियस. लातूर पॅटर्नमधून बाहेर पडलेला मुलगा मटणही वेळापत्रक भिंतीला लावूनच शिजवणार, त्याला इलाज नाही. मी एवढंच म्हटलं की माझ्या कुकरात वाफ १२० अंशांच्या आसपास जाते आणि मटण अर्ध्या-पाऊण तासात होतं. त्यावर त्यानं माझ्याकडं जे बघितलं, ते मी वर्गात पाढे न येणाऱ्या पोराकडं बघायची तसं.

मग त्यानं मला शास्त्र सांगितलं, आणि ते बरोबर होतं हे विज्ञान शिकवलेली बाई म्हणून मला मान्य करावं लागेल. बरगडीभोवतीच्या मांसात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. ते मंद उष्णतेवर, तासन्‌तास, सत्तर अंशांच्या वर गेल्यावर हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. म्हणून मांस मऊ आणि रसाळ लागतं. घाई केली तर वरचं सुकतं आणि आतलं चिवटच राहतं. खांद्याचा किंवा छातीचा मोठा तुकडा लावला तर आणखी एक गंमत होते. आतलं तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत नीट चढतं आणि मग तिथंच अडून बसतं. तासन्‌तास हलत नाही. कारण आपला माठ. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं आणि माठातल्या पाण्यासारखंच ते मांसही गार ठेवतं. जाळाची सगळी मेहनत त्या वाफेत जाते. म्हणून चांदीचा कागद: घाम बंद, तापमान पुन्हा वर.

एवढं समजल्यावर मी विचारलं, "मग आता तू काय करणार सहा तास?"

"लक्ष ठेवणार."

कशावर, ते नीट बघा. हा स्मोकर लाकडाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालतो. गोळ्यांचा डबा एकदा भरला की एक मळसूत्र त्या आपोआप पुढं ढकलतं, पंखा वारा घालतो, तापमान मोबाइलवर दिसतं आणि मोबाइलवरूनच वरखाली करता येतं. हे यंत्र ऑरेगनमधल्या ट्रेगर कुटुंबानं काढलं, १९८६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. म्हणजे लाकडं मागं ओढायची सोय नाही, पुढं सारायची नाही, फुंकणी नाही. झाकणही उघडायचं नाही, उघडलं की उष्णता जाते. तेव्हा भाचा खुर्ची टाकून सहा तास एका बंद झाकणाकडं बघत बसला. अधूनमधून मोबाइल काढून तापमान बघायचा आणि गंभीर व्हायचा. आमच्याकडं लाइट गेल्यावर या यंत्राचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला, पण मी पाहुणी होते.

दुपारी माणसं जमली. ऑस्टिनात मराठी घरं पुष्कळ. एक कोल्हापूरचे, एक नागपूरचे, एक पुण्याचे. पुण्याचे शाकाहारी होते, पण सल्ला द्यायला ते आड येत नाही. शेजारचा गोरा माणूस आला, टोपी घालून. चारही जण आले तसे थेट अंगणात गेले आणि खिशात हात घालून स्मोकरभोवती उभे राहिले. कोल्हापूरकर म्हणाले, यात पांढऱ्या रश्शाची मजा नाही. नागपूरकर म्हणाले, साखर घालून मटण करणाऱ्या देशाचं पुढं काय होणार. गोरा शेजारी म्हणाला, मोहरी फार झाली. तिथं फक्त चिंचेचं झाड तेवढं नव्हतं.

घरात सूनबाई एकटी होती. बटाट्याचं सॅलड, कोबीचं सॅलड, घेवड्याच्या बिया, मक्याची कणसं, शाकाहाऱ्यांसाठी पनीर, पोरांसाठी पास्ता, शिवाय ताटं, पेले, बर्फ. मी कोबी चिरायला बसले. आम्ही दोघी फार बोललो नाही. गरज पडली नाही.

सहा तासांनी झाकण उघडलं. भाच्यानं चिमट्यानं बरगड्यांची पट्टी एका टोकाला धरून उचलली. ती मधोमध वाकली आणि वरच्या काळपट कवचाला बारीक तडा गेला. झालं, ही खूण. शेजाऱ्यानं समाधानानं मान हलवली आणि एक घास घेऊन सांगितलं की बरोबर जमलंय: दातानं चावा घेतला तेवढंच मांस सुटतंय, बाकीचं हाडाला धरून आहे. हाडावरून आपसूक गळून पडलं असतं तर स्पर्धेत गुण गेले असते, ते जास्त शिजलेलं समजतात. होय, स्पर्धा. मेम्फिसमध्ये १९७८ पासून आणि कॅन्सस सिटीत १९८० पासून मोठ्या स्पर्धा होतात. परीक्षक बसतात, बरगडी चावून गुण देतात. शिवाय ऑस्टिनजवळच्या लॉकहार्ट नावाच्या गावाला १९९९ साली टेक्सासच्या विधानसभेनं बार्बेक्यूची राजधानी म्हणून ठरावच करून दिला. आपल्या विधानसभेनं हाच ठराव आणला तर कोल्हापूर, नागपूर आणि नांदेडचे आमदार पहिल्यांदाच एकमेकांशी खरोखर भांडतील.

आता तुम्हाला हवं ते सांगते. मी खाल्लं. आमच्या घरात मासिकं कुणी वाचत नाही म्हणून लिहायची हिंमत करते. धूर आत, हाडापर्यंत गेला होता, कवच गोड-खारट, आणि कापल्यावर कडेला गुलाबी कड दिसत होती. मला वाटलं कच्चं राहिलं. पण ती धुरातल्या वायूंची मांसातल्या रंगद्रव्याशी झालेली करामत. चव चांगली होती. तिखट नव्हतं, ते मी मनात घातलं.

माझ्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, हे कळलं असतं तर तिनं मला दारातच उभं केलं असतं. आपल्याकडं डुक्कर खाणं-न खाणं हा चवीचा मामला नाही, जातीचा आहे. बाजारात बकऱ्याचं मटण काचेमागं टांगलेलं असतं. डुकराचं कुठं मिळतं हे ज्यांना ठाऊक असतं ते मोठ्यानं सांगत नाहीत, आणि ज्यांच्या घरी शिजतं त्यांना गावानं त्याच एका गोष्टीवरून पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली. तेच डुक्कर ऑस्टिनात पापुद्रा काढून, पाप्रिका लावून आलं की फोटो काढून घरच्या ग्रुपवर पाठवायच्या लायकीचं होतं. भाच्यानं पाठवलाही. खाली लिहिलं: लॅम्ब.

अमेरिकेतही या पदार्थाचा इतिहास फार सोवळा नाही. दक्षिणेत जमिनीत खड्डे खणून, रात्रभर निखारे सरकवत, अख्खं डुक्कर भाजणारी माणसं बहुतेक गुलाम होती. बरगड्या हा काही राजेशाही तुकडा नव्हता. अंगमेहनत करणाऱ्यांच्या वाट्याला येणारं स्वस्त मांस होतं. कॅन्सस सिटीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री पेरी नावाच्या कृष्णवर्णीय माणसानं वर्तमानपत्रात गुंडाळून असं भाजलेलं मांस विकायला सुरुवात केली, त्यातून त्या शहराचं नाव झालं. अंगणात घरमालकाचं प्रस्थ माजलं ते फार पुढं. १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफननं, तो काम करायचा त्या कारखान्यात बनणाऱ्या पाण्यातल्या बोयाचे दोन अर्धगोल घेतले, खाली पाय लावले, वर झाकण. वेबर नावाची ती गोल शेगडी निघाली आणि टोपीवाल्या प्रत्येक पुरुषाला वाटायला लागलं की स्वयंपाक आपणच करतो.

लाकडाची गंमत तर सांगायची राहिलीच. भाचा मला एका दुकानात घेऊन गेला. तिथं लाकडाच्या तुकड्यांच्या सुबक पिशव्या: हिकरी, सफरचंद, ओक आणि मेस्कीट. टेक्सासला मेस्कीटचा फार अभिमान. पिशवीवरचं झाड बघितलं आणि मी तिथंच हसायला लागले. ही आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण! मराठवाड्यात नाल्याच्या काठानं, रेल्वेच्या कडेनं, पडीक रानात जी काटेरी, न मागता उगवते आणि जिच्यापायी सायकलचं ट्यूब पंक्चर होतं, ती. तिचं बी मूळ त्याच अमेरिका खंडातलं, १८७०च्या दशकात इंग्रजांनी भारतात आणलं. आमच्याकडं ती तोडायला माणूस मिळत नाही, आणि इथं डॉलर मोजून तिचे चार तुकडे. मी भाच्याला म्हटलं, नोकरी सोड, इस्लापूरला ये, एक कुऱ्हाड घे.

आणि डुकरांचं म्हणाल तर आमच्याकडं ती माणसाच्या ताटात नसली तरी माणसाचं ताट त्यांच्या तोंडात असतं. किनवट तालुका जंगलाचा, पैनगंगेच्या काठचा. रात्री रानडुकरांचा कळप मक्यात किंवा ज्वारीत शिरला की सकाळी शेतकरी बांधावर डोक्याला हात लावून बसतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण. परवानगीशिवाय हात लावला तर वनखातं दारात. त्यामुळं उपाय एकच: शेताच्या चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधायच्या. माझ्या लग्नातली मोरपंखी साडी सध्या कपाशीच्या कुंपणाला आहे, आणि डुकरं तिला माझ्या सासरच्यांपेक्षा जास्त मान देतात, दुरूनच वळतात. टेक्सासातही रानडुकरांनी लाखोंच्या संख्येनं असाच धुमाकूळ घातलाय. पण तिथल्या सरकारनं २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीनं, त्यांना मारायला शिकारीचा परवानाही ठेवला नाही. साडीची वाट बघत ते बसले नाहीत.

तर हा भाचा पुढं थंडीत किनवटला आला आणि सहा दिवसांत त्याला हात शिवशिवायला लागले. गोकुंद्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडं गेला, दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापून घेतला, बिजागऱ्या लावल्या, आत जाळी. वेल्डिंगवाल्यानं चारदा विचारलं, "साहेब, नेमकं कशाला पायजे?" शेवटी त्यानं स्वतःच ठरवलं की पाणी तापवायला, आणि खाली एक तोटी लावून दिली. फुकट. आमच्या स्मोकरला तोटी आहे.

डुकराचं नाव बहिणीच्या घरात निघणं शक्य नव्हतं, म्हणून बकऱ्याची चाप ठरली. मटणवाल्याला सांगितलं, "अख्खी पट्टी ठेवा, तोडू नका." तो सत्तूर हातात धरून बघत राहिला. तोडण्यावरच त्याचं नाव आहे. "न तोडता काय घरात टांगणार का मावशी?" म्हणाला. लाकडाचा प्रश्न निघाला तेव्हा कुणीतरी सागवान सुचवलं आणि लगेच सगळ्यांनी रस्त्याकडं बघितलं. किनवटात सागाचं नाव घेताना माणूस आधी आजूबाजूला बघतो. मोहाला हात लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. वेडी बाभूळ मात्र गल्लीच्या तोंडाशीच होती.

ड्रम पेटला आणि अर्धं किनवट अंगणात. आमचे हे, भावजी, शेजारचे काका, रेल्वेतले एक निवृत्त गृहस्थ. "काय करायलास रे पोरा?" "कामून झाकलंस? दिसना की काही." "जाळ कमी हाय." "जाळ जास्त हाय." भाच्याच्या चेहऱ्यावर अमेरिकेत कधी न दिसलेलं सुख होतं. यंत्रात गोळ्या घालून जे त्याला मिळत नव्हतं ते इथं मिळत होतं: लाकूड मागं ओढणारा एक माणूस आणि पुढं सारणारा दुसरा.

फक्त एक गोष्ट त्याच्या वेळापत्रकात नव्हती. आपलं रानात चरलेलं बकरं काटक, त्याच्या बरगडीवर डुकराएवढी चरबी नाही. सहा तासांच्या धुरात विरघळायला काही असायला हवं ना? संध्याकाळी झाकण उघडलं तेव्हा पट्टी वाकलीच नाही. तज्ज्ञांचं एकमत पहिल्यांदा झालं: अजून थोडा वेळ. पाहुणे यायची वेळ झाली होती. मी काही न बोलता परात घेऊन गेले, चाप आत आणली, तोडली, कांदा-खोबरं भाजून वाटलं, येसर लावलं आणि कुकर चढवला. धुराचा वास रश्शात उतरला होता. त्या वासाला मी खरंच दाद देते. गॅसवर तसा वास येत नाही.

पंगतीला सगळे एकसुरात म्हणाले, "ड्रमचं मटण लई भारी झालंय!" भाच्याची पाठ थोपटली गेली. ह्यांनी पाहुण्यांना वेड्या बाभळीचे गुण समजावून सांगितले. भाकरी गरम होत्या, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातला पुरुष असा ड्रम कापून आणायच्या गोष्टी करायला लागला तर अडवू नका. बाहेर गुंतलेला बरा. फक्त ड्रम घरात येण्याआधी एक गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घ्या, शक्य असेल तर चार माणसांसमोर: चरबी करपून बसलेली ती जाळी कोण घासणार. आमच्याकडं हे ठरवायचं राहिलं होतं. जाळी मी घासली.